मोकळी

दाताच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ह्युबर्ट सरांचा डावा गाल त्यांचा राहिला नव्हता. खालची दाढ काढली होती. इंजेक्शनचा अंमल दोनेक तास राहील, तोवर बोलू नका, गरम काही घेऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मरोळ नाक्यावर मेट्रोच्या खांबापाशी थांबून ते ओठ जागेवर आहे की नाही हे बोटानं चाचपत होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. "ह्युबर्ट सर ना? मी उत्तरा. अकादमीतून बोलतेय. तुमच्या चेतनाच्या ट्रायलला मी असिस्टंट कोच होते." सर "हं" म्हणाले. दातांमध्ये कापसाचा बोळा होता, दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. "सर, पायांत सगळं आहे हो त्या मुलीच्या. बॉल यायच्या आधी मान वळवून बघते, ते तर आमच्याकडच्या मोठ्या मुलीसुद्धा करत नाहीत. पण हेड कोचनी नाव खोडलं. शेरा काय मारलाय माहितीये? मुलगी बोलत नाही. तीन दिवसांत पहिला दिवस सोडला तर मैदानावर तिच्या तोंडून शब्द नाही. मधल्या फळीतली मुलगीच मुकी असेल तर बाकीच्यांनी करायचं काय? मी भांडून एक संधी मागून घेतलीय. रविवारी सकाळी नऊ वाजता. फॉर्मवर तुमचा नंबर होता म्हणून तुम्हाला करतेय. सांगाल ना तिला? आणि सर, जमलं तर तिला जरा बोलायला शिकवा." सर परत "हं" म्हणाले. पलीकडून थँक्यू आलं आणि फोन बंद झाला. वरून मेट्रो गेली. हनुवटीवर काहीतरी ओलं आलं होतं, ते त्यांना स्पर्शानं कळलं नाही, शर्टावर गुलाबी डाग पडला तेव्हा कळलं.

बोलायला शिकवा. सर घराकडे चालू लागले. पस्तीस वर्षं ज्या माणसानं मुलांना आधी बोलायलाच शिकवलं, त्याला हे सांगितलं गेलं होतं. गावठाणाच्या मागच्या बाजूला जे मैदान आहे त्याला अजून खळंच म्हणतात. सरांच्या आजीच्या हयातीत तिथं भात झोडपत असत, आता तिथं लाल माती आहे, दोन लोखंडी गोलपोस्ट आहेत, आणि तीन बाजूंनी टॉवर आहेत. नवीन मूल खळ्यावर आलं की पहिला आठवडा त्याला बॉल मिळत नाही. नुसतं पळायचं आणि ओरडायचं. आपल्यापाशी कुणी नाही, बॉल द्या, तर मुलानं ओरडायचं 'मोकळा', मुलीनं 'मोकळी'. जोडीदाराच्या मागून कुणी येतंय तर 'पाठी'. त्याच्या आसपास कुणी नाही, घाई करू नकोस, तर 'निवांत'. मैदानाची दुसरी बाजू रिकामी असेल तर 'पल्याड'. बॉलला हात नाही, पाय नाही, फक्त हे चार शब्द, एक आठवडा. आईबाप यायचे आणि विचारायचे, सर, फुटबॉल कधी? सर म्हणायचे, आधी तोंड, मग पाय. चेतना सात वर्षांची असताना तिची आई द्रौपदी तिला घेऊन आली होती. द्रौपदी विमानतळाच्या कँटीनमध्ये कामाला जायची, संध्याकाळी पोरीला सोडायला जागा हवी होती, एवढंच. त्या पोरीनं चार दिवसांत खळं डोक्यावर घेतलं. निवांत म्हणून ओरडायची ती अशी, की टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं खिडकी उघडून विचारलं होतं, काय झालं म्हणून. आता ती चौदा वर्षांची होती, आणि कागदावर कुणीतरी लिहिलं होतं, मुलगी बोलत नाही.

सोमवारी ती पनवेलच्या पल्याडच्या त्या अकादमीतून, ट्रायल देऊन परत आली होती. बॅग घेऊन घरी न जाता थेट खळ्यावर. बुटाची लेस सोडता सोडता म्हणाली, "मला नाही आवडलं सर तिकडे. आपलंच बरंय." सरांनी जास्त विचारलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी "आपली पोर आपल्यातच" असं तीनतीनदा म्हणून घेतलं, आणि ब्रिजेटनं, सरांच्या बायकोनं, सणासुदीला करतात तसे पातेलंभर मैद्याचे फुगे तळून खळ्यावर पाठवले. गरम फुग्यांना वाफ सुटली होती आणि सर त्या वाफेत उभं राहून सुखावले होते. आधीची सात पोरं अशी गेली होती, बरी खेळायला लागली की मोठा क्लब, मोठी अकादमी, गवताचं मैदान. प्रत्येकाला सरांनी हात हलवून निरोप दिला होता, ब्रिजेटसमोर कधी तोंड पाडून बसले नव्हते. ही मात्र परत आली होती. स्वतःहून. दोन रात्री त्यांना गाढ झोप लागली होती, आणि त्या झोपेचा आता, बधिर गाल घेऊन चालताना, त्यांना संशय यायला लागला.

पाच वाजता ते खळ्यावर गेले. चेतना त्यांचा गाल बघून हसली. "सर, कुणाशी मारामारी केली?" त्यांनी बोटानं दात दाखवला, मग ओठांवर बोट ठेवलं. "आज सर म्यूटवर आहेत रे," ती लहान पोरांना म्हणाली, आणि सगळी हसली. सर बाकावर बसले. सुट्टी असल्यामुळे पोरं पुष्कळ होती, दोन संघ पाडले. दहा मिनिटांत जे त्यांच्या लक्षात आलं, ते त्यांनी सोमवारी आणि मंगळवारी बघितलंच नव्हतं, किंवा बघूनही मनावर घेतलं नव्हतं. चेतना नेहमीसारखी रिकाम्या जागेत सरकत होती, नेहमीसारखी मान वळवून बघत होती, आणि तोंड मिटून उभी राहत होती. बॉल आला तर घेत होती. नाही आला तर नुसता हात थोडा वर करत होती, वर्गात उत्तराची खात्री नसलेलं मूल करतं तसा, कोपरात वाकवून. तिच्या पुढ्यातल्या मुलीच्या मागून एक पोरगा धावत आला, चेतनाला तो दिसला, तिचे ओठ हललेसुद्धा, पण आवाज आला नाही आणि बॉल गेला. सरांच्या गालात मुंग्या यायला लागल्या होत्या. जीभ परत जिवंत होत होती. खिशात पेन होतं, हजेरीची वही मांडीवर होती, रविवारी सकाळी नऊ एवढंच लिहून दाखवायचं होतं. त्यांनी वही मिटली. बोलता येत नाही आज, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि हे आपण किती पटकन म्हटलं याचं त्यांना नवल वाटलं.

गुरुवारी बोलता येत होतं. गुरुवारी त्यांनी मुलींच्या संघाची यादी काढली. तेरा नावं होती, त्यातल्या दोघी दहावीला गेल्या होत्या आणि क्लास सुरू झाला की येणार नव्हत्या. यंदा पहिल्यांदाच खळ्याच्या मुली वरच्या गटात खेळणार होत्या. चेतना गेली तर अकरा भरत नव्हत्या, म्हणजे संघच नव्हता, म्हणजे त्या बाकीच्या दहाजणींचं वर्ष गेलं. हे सगळं खरं होतं. शिवाय ती स्वतःच म्हणाली होती ना, नाही आवडलं म्हणून. ज्या पोरीला जायचंच नाही तिला कशाला हलवायचं. सर एकेक कारण उचलून बघत होते, वहाणांच्या दुकानात बघावं तसं, आणि प्रत्येक कारण कुठेतरी चावत होतं. चहाच्या वेळी ब्रिजेटनं त्यांच्यासमोर कप ठेवला. फोनचं त्यांनी तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

"सांगितलंस तिला?"

"आज गडबडीत राहिलं."

"काल तोंड सुजलेलं होतं. आज कुठं सुजलंय?"

"ती खूश हाय इकडे, ब्रिजेट."

"खूश हाय? सोमवारपासून घरासमोरून जाते, एकदा हाक नाय मारली मला. आधी कोपऱ्यावरून आँटी, आँटी करत यायची." तिनं त्यांच्या कपात साखर ढवळली, जी ते दोन वर्षांपासून घेत नव्हते. "तू खूश हायस. ते दुसरं."

शुक्रवारी सकाळी साडेसहाला खळ्यावर आणखी कुणी आलं नव्हतं. चेतना गोलपोस्टला टेकून पाणी पीत होती. सरांनी तिच्याजवळ जाऊन, चालता चालताच म्हटल्यासारखं विचारलं, "तिकडे नक्की काय झालं गं?"

"काही नाही सर. नाही आवडलं."

"जेवण?"

"जेवण झकास होतं."

"मैदान?"

"गवत होतं. पडलं तरी लागत नाही." मग ती बाटलीचं झाकण लावत आणि काढत राहिली. "सर, मी ओरडले होते. पहिल्या दिवशी. मोकळी, मोकळी, मोकळी. कोणी देईचना. मग एक मुलगी दुसरीला विचारते, हू इज मोकळी? त्यांना वाटलं माझं नाव आहे." ती हसली. हसताना सरांकडे बघितलं नाही. "मग जेवताना पण तेच. हाय मोकळी, पास द सॉल्ट. चांगल्या होत्या हां मुली, चिडवत नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मागून कोणी येत होतं तर एक ओरडली, मॅन ऑन. मी बघते इकडे तिकडे, सगळ्या मुली, मॅन कुठे आला मैदानात? तेवढ्यात बॉल गेला. नंतर मी गप्पच खेळले. गप्प खेळलं तर निदान चूक होत नाही."

सर मातीकडे बघत होते. बुटांच्या खिळ्यांनी पडलेल्या खाचांत रात्रीचा गारवा अजून होता.

"घरी सांगितलंस हे?"

"आईला सांगितलं. तिला म्हटलं, सरांना नको सांगूस." मग तिनं वर बघून विचारलं, "सर, मॅन ऑन म्हणजे पाठी, ना?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

सर बुटानं मातीतली एक खाच बुजवू लागले. माहीत होतं. अकरा वर्षं ते एका औषध कंपनीच्या संघातून खेळले होते, त्यांचा कॅप्टन माहीमचा होता, आणि त्या मैदानांवर त्यांनी स्वतः घसा फाटेपर्यंत मॅन ऑन, टाइम, टर्न, स्विच म्हटलं होतं. मग महापालिकेच्या शाळेत मास्तर झाले. तिथं पहिल्याच वर्षी माणिक नावाचा एक मुलगा होता, अंगापेक्षा मोठी चड्डी घालून बॅकला खेळायचा. आंतरशालेय सामन्यात बॉल बाहेर चालला होता, सर बाहेरून ओरडले, लीव्ह इट. माणिकला ऐकू आलं 'लाव', म्हणजे हाण. त्यानं लावली, जीव खाऊन, आपल्याच गोलात. सामना तिथंच संपला. माणिक नंतर त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिला, सर, तुम्हीच लाव म्हणालात ना? तुम्हीच म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात सरांनी एकेक इंग्रजी शब्द काढून टाकला आणि त्या जागी आईच्या, आजीच्या तोंडचे शब्द ठेवले. भातखाचरातून माणसं एकमेकांना हाक मारायची तसे, लांबून कळणारे. त्या शब्दांनी किती पोरं उभी राहिली. निवांत हा तर त्यांना इंग्रजीपेक्षा वरचढ वाटायचा, टाइममध्ये नुसतं घड्याळ आहे, निवांतमध्ये पाठीवर हात आहे. खळ्यावर येणाऱ्या आईबापांनाही ते हे अभिमानानं सांगत. आणि या सात वर्षांत, ही पोरगी खळ्यात मावणार नाही हे पहिल्या सहा महिन्यांत दिसत असताना, तिला कधी बाजूला घेऊन म्हणाले नव्हते, की बाई, बाहेर याला असं म्हणतात. का नाही म्हणाले? विसरले असं नव्हतं. आता त्यांना आठवत होतं की दोनतीनदा ते शब्द ओठांवर आले होते आणि त्यांनी ते गिळले होते. अजून लवकर आहे, असं म्हणून.

"माहीत होतं," ते म्हणाले.

चेतनानं मान हलवली. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं फक्त बाटली खाली ठेवली.

"रविवारी नऊ वाजता त्यांनी परत बोलावलंय तुला. शेवटची संधी. फोन बुधवारी आला होता."

"बुधवारी?" ती म्हणाली. बोटांवर मोजायची गरज नव्हती, तरी तिचा अंगठा बोटांवरून सरकला. मग तीच म्हणाली, "तुमचा दात दुखत होता ना."

"दात बुधवारीच गेला. काल दुखत नव्हता."

पलीकडे कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. चेतनानं त्या आवाजाकडे मान वळवली. "मी गेले तर टीम होणार नाही," ती म्हणाली. "अकरा होत नाहीत. मी पण मोजलंय."

"ते माझं काम. तू बॉल घे."

त्या सकाळी आणि संध्याकाळी, आणि शनिवारी दिवसभर, ऊन चढलं की टॉवरच्या सावलीत सरकून, सरांनी तिला शिकवलं. तिला बॉल देऊन ते मागून चालत यायचे, आणि येता येता तिनंच ओरडायचं, दुसऱ्या कुणासाठी ओरडावं तसं. मॅन ऑन. पहिल्यांदा ते तिच्या तोंडातून निम्मं बाहेर आलं. "निवांतला काय?" "टाइम." "टाइम? किती टाइम?" "ते सांगत नाहीत. नुसतं टाइम." "पल्याड?" "स्विच." "आणि मोकळी?" सरांना आठवावं लागलं. "त्याला ते येस म्हणतात." "येस? कोणी विचारलंय काय त्यांना?" "नाही विचारलं तरी येस." ती हसली, आणि हे हसणं खरं होतं, मग ओरडली, येस, येस, आणि सरांनी बॉल दिला. त्यांना लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. ते शब्द त्यांच्या तोंडातून किती सहज येत होते. पस्तीस वर्षं झाकून ठेवलेल्या भांड्यासारखे, घासावेही लागले नाहीत. त्यांचा आवाजसुद्धा बदलत होता, छाती पुढे येत होती, कुणी तेवीस वर्षांचा ह्युबर्ट कंपनीच्या निळ्या जर्सीत खळ्यावर उभा राहून हुकूम सोडत होता, आणि लहान पोरं खेळ थांबवून त्याच्याकडे बघत होती. "सर, तुम्हाला इंग्लिश येतं?" एकानं विचारलं. सर म्हणाले, थोडं. दाढेच्या खड्ड्यात जीभ जात होती आणि तिथं काहीच नव्हतं.

चूक शनिवारी दुपारी सुधारली. 'मॅन ऑन' म्हणताना ती नेहमी दोन शब्दांमध्ये थांबायची, मॅन, आणि मग ऑन, आणि तेवढ्या वेळात मैदानावर बॉल जातो. सरांनी तिला सांगितलं, अर्थ सोडून दे. माणूसबिणूस काही नाही त्यात. नुसता आवाज काढ, कुत्रं अंगावर येताना माणूस काढतो तसा. तिनं डोळे मिटले आणि काढला. मनॉन. मग पुन्हा. दहाव्या वेळी तो त्या कॅप्टनच्या तोंडून यावा तसा आला, आखूड, चिडका, कुठल्याच गावचा नसलेला. सर म्हणाले, "हां. हेच." आणि वळून बुटाची लेस बांधायला वाकले, ती सुटली नव्हती. संध्याकाळपर्यंत लहान पोरांनी सगळं उचललं होतं. पोरं उचलतातच, त्यांना न शिकवलेलं आधी येतं. सहा वर्षांचा सम्यक, ज्याला अजून बॉल मिळायचा होता, ज्याचा पहिला आठवडा चालू होता, तो गोलपोस्टपाशी एकटा पळत टाइम, टाइम, टाइम ओरडत होता. सरांनी त्याला हाक मारायला तोंड उघडलं. काय सांगायचं होतं? की तुला हे नको? की तुला जायचं नाही कुठे? त्यांनी त्याला पळू दिलं.

रविवारी पहाटे द्रौपदी, चेतना आणि सर निघाले. ब्रिजेट एकटीच चर्चमध्ये मिसेला गेली. अकादमीच्या दाराशी उत्तरा आली. चेहरा फोनवरच्या आवाजापेक्षा लहान होता. तिनं सरांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "पालकांना आत नाही सोडत सर, ट्रायल चालू असताना. इथं बाजूला बसा, सावली आहे." चेतना आत जाताना एकदा थांबली. सरांना वाटलं ती काहीतरी विचारेल. तिनं फक्त केस परत घट्ट बांधले आणि गेली.

मैदानाला चारी बाजूंनी हिरवी जाळी होती, वरपासून पार जमिनीपर्यंत गच्च. आतलं काही दिसत नव्हतं. हिरव्यातून हलणारी हिरवी सावली फक्त. नऊला शिट्टी झाली आणि आवाज सुरू झाले. येस. टर्न. टाइम, टाइम. बॉलचा थाड असा आवाज, बुटांचा धावता आवाज, आणि त्यांच्यावरून पुन्हा, मॅन ऑन, स्विच, येस. बावीस मुली होत्या, सगळ्या बोलत होत्या. सर जाळीजवळ सरकले. मान तिरकी केली, उजवा कान पुढे केला. डावीकडून एक टाइम आला, तो तिचा असावा असं वाटेपर्यंत उजवीकडून तसाच दुसरा आला. मॅन ऑन, आखूड, चिडका. मग आणखी एक, तेवढाच आखूड, तेवढाच चिडका. त्यांनी डोळे मिटले. सात वर्षं रोज संध्याकाळी कानावर पडलेला तो आवाज कसा होता, तो त्यांनी आठवून बघितला, आणि आठवेना, कारण जो आठवत होता त्यात शब्द वेगळे होते.

द्रौपदी त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"बोलतेय का हो सर?"

"बोलतेय."

"आपली कुठली?"

आतून एकदम पाचसहा आवाज आले, एकात एक मिसळलेले. सरांनी हात वर केला आणि जाळीच्या मध्यावर कुठेतरी बोट दाखवलं.

"ती," ते म्हणाले. "ती काय."

द्रौपदी त्या बोटाच्या दिशेनं ऐकत राहिली, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.